वाचवलेली पावलं

"पण मग त्या सोडून का जातात, बुवा?"

डॉक्टर श्रीरंग तेंडोलकर मठाच्या पायरीवर बसून विचारत होते. लहान मुलांच्या रुग्णालयाचे ते प्रमुख. परिचारिकांचे हाल कमी व्हावेत म्हणून नवी इमारत त्यांनी स्वतः आखली होती. आणि त्याच इमारतीतून एकेक परिचारिका काम सोडून चालली होती. काल साळवे सिस्टर गेल्या. त्यांच्याशिवाय अतिदक्षता कक्ष चालणार नव्हता. आता त्याला कुलूप लागणार होतं.

शंभुगिरीबुवा फडक्यातून पाणी गाळत होते.

"काय केलंस त्यांच्यासाठी?"

"काय नाही केलं ते विचारा! जुन्या इमारतीत औषधांची खोली पडवीच्या पार दुसऱ्या टोकाला. बिचाऱ्या चालून चालून मरायच्या. मी ती पडवीच काढून टाकली. आता प्रत्येक खाटेशी कपाट. बोट लावलं की उघडतं. कुठल्या मुलाला काय हवं, ते मनगटावरचं यंत्र सांगतं."

"बैलाच्या गळ्यात घंटा बांधतात, तसं?"

"थट्टा नका करू, बुवा. एक पाऊल वाया जात नाही आता."

"एकही?"

"एकही नाही. एखादं मूल दगावलं, तरी त्याच क्षणी सिस्टर पुढच्या खाटेशी हजर!"

अभिमानाने म्हणाले खरे. पण वाक्य संपलं आणि ते कपाळावरचा घाम पुसू लागले.

बुवांनी तांब्या भरला.

"उन्हातून आलायस. ओंजळ कर."

डॉक्टरांनी ओंजळ तोंडाशी धरली. बुवा ओतू लागले. गार, गोड पाणी. एक घोट, दुसरा... पिणाऱ्याने मान हलवली की ओतणाऱ्याने हात आवरायचा, ही रीत. डॉक्टरांनी मान हलवली. बुवांनी हात आवरला नाही. पाणी नाकात गेलं, ठसका लागला.

"अहो बुवा... जीव घ्याल माझा!"

"पाणी वाईट होतं?"

"पाणी चांगलंच होतं हो! पण मध्ये श्वास तरी..."

ते थांबले.



डॉक्टरांना ती जुनी पडवी दिसली. साळवे सिस्टर औषध आणायला निघायच्या आणि अर्ध्या वाटेत खांबाला हात लावून उभ्या राहायच्या. पाठमोऱ्या. कितीदा तरी डॉक्टरांनीच मागून हाक मारली होती, "काय सिस्टर, झोपलात की काय?" मग त्या पदराने तोंड पुसायच्या आणि चालू लागायच्या.

काल जाताना मात्र सिस्टरांचे डोळे ठणठणीत कोरडे होते.

डॉक्टरांच्या कोपरांवरून पाणी निथळत राहिलं.

"बुवा, पडवी परत बांधतो मी. आजच आराखडा काढतो आणि सिस्टरांच्या घरी घेऊन जातो. तो बघितला की येतील ना त्या?"

"आराखडा घेऊन जाणार?"

"मग काय घेऊन जाऊ?"

बुवांनी तांब्या पालथा घातला. ओल्या फडक्याची घडी केली...

"रिकाम्या हाताने जा. कडी वाजव. दार उघडलं नाही, तर पुन्हा वाजवू नकोस."