पैलवान आणि जड स्टेअरिंग

“आणि तू नसलास तर?” चंदनगिर बाबांनी विचारलं.

मठाच्या अंगणात जुनी जीप उभी होती. तिच्या बॉनेटवर हात टेकून खंडू थोरवत आत्ताच सांगत होता, की हिला नवं स्टेअरिंग कशाला? माझे दंड आहेत की!

दंड होते खरेच. कोल्हापूरच्या तालमीत घडलेले. कुस्तीच्या मोठ्या मैदानात पाठ मातीला लागली आणि तो मन शांत करायला घाटाखालच्या या मठात आला. शांती अजून सापडली नव्हती. दंड मात्र तसेच होते.

“मी हाय की हितं, बाबा. कुठं जातोय?”

“त्या पावसात मीही इथंच होतो.”

खंडूनं मान खाली घातली. ती गोष्ट त्यानं ऐकली होती.

वरच्या धनगरवाड्यावर बाबांच्या जीपशिवाय दुसरी गाडी चढत नव्हती. आजाऱ्याला खाली आणायचं ते तिनंच. गेल्या पावसाळ्यात उंबराच्या वळणावर चिखलात चाकं वळेनात. स्टेअरिंग ओढता ओढता बाबांचा खांदा निखळला. मागं अडलेली बाई होती. ती वाचली. बाळ गेलं.

त्यानंतर बाबा स्टेअरिंगवर बसले नाहीत. खंडू आल्यापासून जीप तोच चालवायचा.

ओट्यावर गोणपाटात एक ओझं गुंडाळून ठेवलं होतं. मोडीत निघालेल्या नव्या धर्तीच्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग. तेलाच्या दाबावर चालणारं, बोटानं फिरणारं. एक भक्त देऊन गेला होता.

“जुनं काढ. हे बसव,” बाबा म्हणाले.

“आन् चालवायचं कुणी?”

“कौसल्यानं.”

मठात स्वयंपाक करणारी कौसल्या भाकरी थापत होती. बारीक चणीची बाई. भावाच्या ट्रॅक्टरवर शिकलेली. ही जीप तिनं माळावर चालवली होती, पण वळण आलं की स्टेअरिंग तिच्यानं हलत नसे.

खंडूला हसू आलं.

बाबा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खंडू जीपखाली शिरला. चाकांना वळवणारा लांब दांडा आधी सोडवायचा होता. दांड्याच्या टोकाची निमुळती खीळ चाकाकडच्या लोखंडी कड्यात बसलेली. वरचा नट निघाला. खीळ निघेना. किती पावसाळ्यांचा गंज तिला धरून बसला होता कोण जाणे.

खंडूनं घण उचलला आणि खिळीच्या डोक्यावर हाणला.

खीळ हलली नाही.

पुन्हा हाणला. मग दातओठ खाऊन हाणत राहिला. खिळीचं डोकं चेपलं, आटे मोडले. ती मात्र होती तिथंच. घामानं डोळे चुरचुरायला लागले. मैदानातली ती कुस्ती आठवली, लोकांचा तो ओरडा आठवला... आणि त्यानं घण फेकून दिला.

“सुटत न्हाई!”

बाबा उंबऱ्यावर बसले होते. “कोण सुटत नाही?”

“ही खीळ. माझ्या तोंडावर हसतीय.”

“ती कशाला हसेल? तीच अडकलीय.”

खंडूला बोलणं कळलं नाही. तो धुसफुसत जीपखालून बाहेर आला.

बाबांनी विचारलं, “कुस्तीत समोरच्यानं तुझा पाय धरला, तर काय करतोस?”

“सोडवून घेतो.”

“पाय ओढून?”

“न्हाई! पाय ओढला तर आणखीच आवळतो त्यो. पायाला काय करायचं न्हाई. त्याची पकड तोडायची. मनगटावर, कोपरावर...”

खंडू बोलता बोलता थांबला.

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. कौसल्याच्या हातातली भाकरी तव्यावर पडली.

खंडूनं जीपकडं पाहिलं. मग घणाकडं. मग धावतच जाऊन तो जीपखाली शिरला.

या वेळी त्यानं खिळीला हात लावला नाही. पकड कड्याची होती. कड्याच्या एका कुशीला जड हातोडा टेकवला आणि दुसऱ्या कुशीवर घण घातला. नेमका. राग नसलेला.

एक... दोन...

खळ्ळ!

खीळ आपसूक निसटली. दांडा त्याच्या छातीवर येऊन पडला.

“सुटली! बाबा, सुटली!” दांडा कवटाळून तो मातीत लोळत ओरडत होता. कोंबड्या उधळल्या. कौसल्या पिठाचे हात घेऊन पळत आली, तिला वाटलं पैलवान चेंगरला.

बाबा उठून आत गेले होते.

खरा हट्टी गडी पुढं होता. स्टेअरिंगच्या डब्याखालचा आडवा लोखंडी हात दातेरी दांड्यावर गच्च बसला होता. खंडूनं त्याला पुलर, म्हणजे ओढून काढायचा शिकंजा, लावला, स्क्रू आवळला. स्क्रू कुरकुरला. खंडूनं पान्याला लांब पाइप जोडला. आता सगळं अंग टाकलं की झालं...

त्यानं पाइप काढून ठेवला.

गंजावर तेल सोडलं. त्या लोखंडी हाताच्या कड्यावर बाजूनं हळूच ठोकलं. पुलर तसाच ताणलेला ठेवून जीपला पाठ टेकून बसला.

“दमलास?” कौसल्यानं विचारलं.

“न्हाई. त्याला येळ देतोय.”

तिनं चहा आणून दिला. कप तोंडाला लावतोय तोच जीपखाली बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. टण्ण! आडवा हात पुलरसकट खाली पडला होता.

खंडू दचकला नाही. चहा सांडला नाही. नुसता गालातल्या गालात हसला.

पुढचं काम सरळ होतं. तालुक्याच्या वेल्डरनं चासीवर, गाडीच्या सांगाड्यावर, जाड पट्टी बसवून दिली. तिच्यावर नवा डबा बसला, इंजिनाला पंप लागला, दांड्यांना नवे जोड आले. पुढची चाकं उचलून, तेलातली हवा जाईपर्यंत खंडू स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिला.

मग त्यानं कौसल्याला बसवलं.

तिनं दोन्ही हातांनी जोर लावला आणि चाकं झर्रकन वळली. ती घाबरली. पुन्हा एका हातानं फिरवलं. मग एका बोटानं. आणि पोरीसारखी खदखदून हसली.

“पैलवान! ही तर जात्यापेक्षा हलकी!”

खंडूही हसला. त्याचे हात मात्र काय करावं ते न कळल्यासारखे लोंबत होते.

श्रावणात एका दुपारी धनगरवाड्यावरून निरोप आला. ठकूबाई झोरेची सून सगुणा अडली होती. पाऊस धरून होता.

खंडू जीपकडं धावला. दार उघडलं.

“मागं बस,” बाबा म्हणाले.

“बाबा, आज तरी... जिवाचा खेळ हाय.”

“म्हणूनच.”

कौसल्या चढून बसली. तिनं पदर खोचला, किल्ली फिरवली.

वर बांधापासून घरापर्यंत गाडी जात नव्हती. खंडूनं सगुणाला दोन्ही हातांवर उचललं आणि चिखलातून आणलं. मागच्या बाकावर एका बाजूला ठकूबाई, एका बाजूला तो. प्रत्येक धक्क्याला सगुणाचं अंग त्याच्या दंडांवर तोललेलं. तिनं त्याचं मनगट असं आवळलं, की तसं आखाड्यातही कुणी आवळलं नव्हतं.

“सोड म्हणू नका, दादा,” ती कण्हली.

“न्हाई म्हणत. आवळ.”

उंबराचं वळण आलं. पाणी रस्त्यावरून वाहत होतं. डाव्या अंगाला दरी. बाबा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते... कौसल्याचे हात फिरले. चाकं चिखलात वळली, दगडाला घासली, सावरली. जीप एका दमात वळणाबाहेर आली.

“ये रं माझ्या राजा!” ठकूबाई ओरडली. कुणाला, तिलाच ठाऊक.

दिवस मावळायच्या आत दवाखान्याच्या आतल्या खोलीतून रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत. ठकूबाईनं व्हरांड्यातच फुगडीची गिरकी घेतली. नर्सबाई दारात येऊन म्हणाली, मुलगी आहे, दोघी छान आहेत. कौसल्या जीपच्या टपावर थापा मारत हसत होती, रडत होती.

खंडू पायरीवर बाबांच्या शेजारी टेकला. मनगटावर सगुणाच्या नखांचे वळ उठले होते. त्याला हसू आवरेना.

“बाबा, आज तर मी स्टेअरिंगला हातसुदीक लावला न्हाई.”

बाबांनी त्याचं मनगट हातात घेतलं, वळांवरून अंगठा फिरवला.

“म्हणून तर पोचलो.”