उष्ट्या श्वासाचा निरोप

फार पूर्वी, खाडीच्या तोंडाशी दिवे लागायच्याही आधी, एका गावात एक गुरव होता. पहाटे तो देवासाठी शंख फुंकायचा आणि धुकं उतरलं की होड्यांसाठी. खडकाच्या टोकावर उभा राहून तो शंख वाजवी आणि त्या आवाजाच्या अंदाजाने होड्या खडक चुकवून आत येत. आता तिथे कोणी शंख फुंकत नाही. पण ज्यांनी तो ऐकला होता ती माणसं म्हणत, धुक्यात कुणीतरी आपलं नाव घेऊन बोलावतंय असं वाटायचं.

गुरव भला माणूस, पण सोवळ्याचं त्याला भारी वेड. बायको म्हणे, "अहो, एक दिवस तुम्ही वाऱ्यालाही आंघोळ घालाल." तो हसून सोडून देई.

पण एकदा त्याच्या मनात आलंच. आत घेतो तो श्वास शुद्ध. बाहेर टाकतो तो वापरलेला, म्हणजे उष्टा. असला श्वास देवाच्या शंखात कसा घालायचा? मग शंख उचलण्याआधी तो लोहाराच्या भात्यासारखा भराभर श्वास घेऊ नि टाकू लागला. उष्टं म्हणून छातीत काही ठेवायचं नाही. पहाटे एकदाच फुंकायचं असे, त्यामुळे डोकं जरा हलकं होई, एवढंच. त्याला वाटे, हेच ते पावित्र्य.

एक दिवस सकाळी दाट धुकं उतरलं. पलीकडच्या बाजाराला गेलेल्या तीन होड्या परतत होत्या. त्यातल्या एकीत गुरवाच्या बायकोचा पाठचा भाऊ होता. ती नवऱ्यासोबत खडकावर आली. गावातली म्हातारी वैदीणही काठी टेकत मागोमाग आली.

गुरवाने शंख फुंकला. मग भराभर श्वास टाकला, पुन्हा फुंकला. पाचव्या खेपेला त्याच्या ओठांना मुंग्या आल्या, बोटं आखडली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तो मटकन खाली बसला.

धुक्यातून हाक आली, "गुरवबुवा, आवाज द्या."

"आजी, घेरी येतेय," गुरव धापत म्हणाला. "अजून उष्टा श्वास आत राहिलाय." आणि तो आणखी जोराने श्वास टाकू लागला.

"राहिला नाही म्हणून येतेय," म्हातारी म्हणाली. "तोंड मीट. नाकाने सावकाश घे, सोडायची घाई करू नकोस."

"पण तो उष्टा..."

"असू दे उष्टा. मेव्हण्यापेक्षा सोवळं मोठं का रे तुझं?"

बायको वल्ह्यांचा आवाज ऐकत होती. तो आवाज खडकांकडे सरकत होता.

गुरवाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. होड्या खडकांवर येत असताना गप्प बसून राहायचं, याच्याइतकं अवघड काम त्याने जन्मात केलं नव्हतं. पण तो बसला. वापरलेला श्वास छातीत राहू दिला. हळूहळू बोटं सुटली. फिरणारा खडक थांबला. मग तो उठला आणि त्याने शंख तोंडाला लावला.

लांबलचक, भरलेला आवाज निघाला. वल्ही थबकली, मग वळली. एक होडी दिसली, दुसरी दिसली, मग तिसरी.

"काय भावोजी, डुलकी लागली होती का?" मेव्हण्याने खालूनच विचारलं. बहीण पदर डोळ्यांना लावून हसली.

दुपारी पेज पिताना गुरवाने म्हातारीला विचारलं, "आजी, मला झालं काय होतं?"

"अरे, अंगात जिथे काम चालतं तिथे हा उष्टा श्वास तयार होतो," म्हातारी म्हणाली. (आता शाळेतली पोरं त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात.) "तो नुसता केर नाही, निरोप आहे. तो शिरांना सांगतो, इथे राबणं चाललंय, वाट रुंद करा, रक्त येऊ द्या. रक्तात डोळ्यांना न दिसणारे कामकरी असतात." (आता शिकलेले लोक त्यांना विकर, म्हणजे एन्झाइम, म्हणतात.) "ते बघता बघता या श्वासाला रक्तात विरघळेलसा करतात आणि छातीशी आलं की त्याचा परत वारा करून देतात. जायचा तेवढा जातो, राहायचा तेवढा राहतो. तू सगळाच फुंकून टाकलास. डोक्यातल्या शिरांना वाटलं, इथे कुणी राबतच नाही. त्यांनी वाट आवळली आणि डोकं उपाशी राहिलं."

गुरवाने पेजेची वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे निरोप्यालाच मी दारातून हाकलत होतो."

"हाकललास, पण वेळेवर परत बोलावलास," म्हातारी म्हणाली. "पेज निवतेय."

त्यानंतर गुरवाने पुष्कळ वर्षं शंख फुंकला. दोन फुंकांच्या मध्ये तो शांत बसून राही. होडीत कुणी नवखा असला तर घाबरून विचारी, "आवाज का थांबला?" जुने नावाडी वल्ही पाण्यावर धरून म्हणत, "थांब जरा. आमचा गुरव श्वास घेतोय."

तात्पर्य: वापरून झालेलं सगळंच टाकाऊ नसतं. कुठे काय हवंय, ते कधी कधी त्यालाच ठाऊक असतं.