सातमाशी लेक आणि माळनाथ महाराज

त्या वर्षी वैशाखात श्रीमाळनाथ महाराज मांजरेकाठच्या तांबरवाडीत, महादेवाच्या देवळापुढच्या पारावर उतरले होते. ऊन असे की पारावरचा दगड हाताला चटका देई. महाराज मात्र घोंगडीवर खुशाल बसलेले. देवळाचा पुजारी येसू गुरव त्यांना रोज पाणी नेऊन देई, त्यांचे पाय चेपी. "देव सोडून ह्या गोसाव्याच्या नादी लागलंय येडं!" असे म्हणून हसणाऱ्यांत अंबाक्का देशमुखीण पहिल्या. अंबाक्कांचा गावात भारी दरारा. बाळंतपण कुणाचेही असो, उंबऱ्यात पाट टाकून बसायच्या त्याच, आणि रीत सांगायच्याही त्याच.

अशात येसूची बायको गजरा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, मांजरीच्या पिलाएवढी. गजरा रक्त जाऊन निपचित पडली. सुईणीने मुलीला न्हाऊ घातले आणि ओल्या सारवलेल्या जमिनीवर सुपात ठेवले.

"सातमाशाला कुणी उचलायचं न्हाई," अंबाक्का म्हणाल्या. "माया लागती. दिवस मावळंस्तोवर टिकलं, तर आपलं."

येसूने दारातून पाहिले. लेकराची पावले निळी पडली होती. तो तसाच पाराकडे पळत सुटला.

"महाराज, लेकरू गार पडत चाललंय! काय करू?"

"तुझी छाती गरम आहे ना रे?" महाराज म्हणाले. "मग विचारतोस काय? सदरा काढ, लेकराला उघडे उराशी बांध, वरून ही घोंगडी घे. गजरा शुद्धीवर आली की तिचा चीक थेंबाथेंबाने पाज, टाकू देऊ नकोस. जा, बाकीचे आमच्याकडे लागले."

येसू परतला तर अंबाक्का दारात हात आडवा लावून उभ्या!

"येश्या, बाप्या माणसानं बाळंतिणीच्या खोलीत शिरायचं? लाज इकलीस व्हय रं? आता पान्हाबी तूच फोडणार काय?"

बाया फिदीफिदी हसल्या. येसूने जन्मभर अंबाक्कांपुढे मान खाली घातली होती. आजही घातली, आणि तसाच त्यांच्या हाताखालून आत गेला.

त्याने लेक उचलली आणि उपरण्याने छातीशी बांधली. ओला दगड कवटाळावा तसे वाटले त्याला. मध्येच तो इवलासा श्वास थांबला. येसू जिवाच्या आकांताने ओरडला, "महाराज! लेक चालली माझी!"

आणि काय आश्चर्य! लेकराने आचका दिला, श्वास घेतला. हळूहळू येसूच्या छातीला ऊब लागू लागली, आणि ती त्याची एकट्याची नव्हती. गजरानेही डोळे उघडले. सुईण चीक पिळून टाकायला वाटी घेऊन आली, तसा येसू म्हणाला, "थांबा! गाईच्या चिकाचा खरवस मिटक्या मारत खाता, आणि माझ्या लेकीचा तेवढा मोरीत ओतता व्हय?" एवढे बोलल्यावर त्याचे त्यालाच नवल वाटले. थेंब ओठांवर पडताच मुलगी मुटूमुटू चोखू लागली, आणि थोड्या वेळाने असा टाहो फोडला तिने की अंगणातल्या बाया दचकल्या.

तेवढ्यात कुणीतरी धापा टाकत आले. "महाराज कुडकुडाय लागलेत! ह्या उन्हात!"

"सोंग हाय सगळं," म्हणत अंबाक्का उठल्या. येसूही लेकीला तशीच उराशी घेऊन मागोमाग गेला.

ऊन अजून तापलेले होते. महाराजांचे ओठ निळे, दात वाजत होते, चेहरा मात्र हसरा. सोंग उघडे पाडायला अंबाक्कांनी त्यांच्या पावलाला हात लावला, आणि तो तिथेच राहिला. पाऊल बर्फासारखे गार होते.

"थंडी कुठेतरी जायला हवी ना, माय," महाराज म्हणाले.

अंबाक्कांनी येसूकडे पाहिले. घोंगडीतून एक लालबुंद मूठ बाहेर आली होती. एवढ्या दराऱ्याची बाई, पण आवाज एकदम खाली आला तिचा.

"माझीबी दोगं सातमाशीच हुती, महाराज. सुपातच गेली. मी पलीकडं निजले हुते... कुणी उराशी देईना, अन् म्याबी मागितली न्हाईत."

"तुला कुणी सांगितलेच नव्हते, माय. तुझा दोष नाही. आता तू सांग सगळ्यांना."

अंबाक्का मोठ्याने रडल्या. भर गावादेखत त्यांनी महाराजांच्या गार पावलांवर डोके ठेवले, आणि कितीतरी वेळ उचलले नाही.