रोकियामावशी आणि मंत्र्यांचा जावई

मलेशियात माझी लेक ज्या गावात राहते, तिथे माझ्या सल्ल्याशिवाय कुणी निवडून येत नाही. आता माझं तिथे मतच नाही आणि सल्लाही कुणी मागत नाही, ते सोडा!

तर तिथे रोकियामावशीची चहाची टपरी आहे. एका सकाळी बड्या मंत्र्यांचे जावई, तरुण उमेदवार तौफिकसाहेब, कॅमेरेवाले घेऊन तिथे आले. पोरगा सासऱ्याच्या जिवावर मोठा झाला, असं सगळं गाव म्हणायचं आणि ते साहेबांना भारी झोंबायचं.

मावशीच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "मी स्वतःच्या कर्तबगारीवर वर आलो, असं कॅमेऱ्यासमोर सांगा. नाहीतर उद्या टपरी उचलली समजा."

शेजारच्या बाकावर बसून मी ऐकलंच. मुद्दाम ओरडलो, "मावशी, सांगा की, साहेब कसे वर आले?"

मावशीने एक मग डोक्याच्या वर धरला, दुसरा कमरेशी, आणि तिकडच्या रीतीने चहाची लांब धार सोडली. खालच्या मगात फेस काठापर्यंत चढला. तो मग तिने कॅमेऱ्यापुढे धरला.

"साहेब आपले आपणच वर आले हो, अगदी या फेसासारखे! वरून ओतणाऱ्याला कशाला मध्ये आणायचं?"