इंजिन आणि आधण

"मग उद्या नारळ ठेवू का नको, बाबा? एवढंच सांगा."

ह्यांनी पुन्हा तेच विचारलं. सोमगीर बाबा मठीच्या पडवीत चुलीपाशी बसून काटक्या मोडत होते. खाली खाडी, भरतीचं पाणी चढत होतं.

आमच्याकडे होडीचा सौदा तोंडी नसतो. घेणाऱ्यानं होडीच्या पुढच्या टोकावर नारळ ठेवायचा. एकदा ठेवला की माघार नाही. तो नारळ ह्यांच्या पिशवीत होता, आणि माझ्या मांडीवरून वाकून आमची लेक त्याची शेंडी ओढत होती.

"होडी कुणाची, हरेश्वरा?" बाबांनी विचारलं.

"आमच्या आबांचीच. आजारपणात विकली होती. आता घेणारा ती परत विकायला काढतोय."

"लाकूड?"

"सागवानी. अजून खणखणीत."

"इंजिन?"

ह्यांनी पिशवी जवळ ओढली.

"जुनंच. आबांनी बसवलेलं."

"त्याचे सुटे भाग कुठे मिळतात?"

"मिळत नाहीत. ती कंपनीच बंद झाली... पण मी आहे ना, बाबा. डोळे बांधून ते इंजिन उघडीन आणि जोडीन. अख्ख्या बंदरात माझ्याइतकं कुणाला कळत नाही."

"डोळे बांधायला नकोत. समुद्रात रात्री अंधारच असतो. बंद पडलं तर?"

"चालू करीन."

"काय घालून?"

...

मी लेकीच्या झबल्याची नाडी बांधत राहिले. घरी मी हेच विचारलं होतं. तेव्हा म्हणाले, तू आपली चूल बघ.

"नवीन बसव की," बाबा म्हणाले.

"नव्याला तो आवाज नाही."

"कसा आवाज?"

ह्यांनी डोळे मिटले. "डुग डुग... डुग. डुग डुग... डुग. तिसरा ठोका मागे राहायचा, लंगड्यासारखा."

लेक शेंडी सोडून बापाच्या तोंडाकडे बघत हसली.

"आम्ही अंगणात खेळत असायचो, बाबा. खाडीच्या तोंडाशी तो आवाज आला की आई म्हणायची, आले रे. आधण ठेवलेलंच असायचं. लगेच तांदूळ टाकायची. आबा होडी बांधून, पाय धुऊन घरात येईपर्यंत भात तयार. भाताची वाफ, आणि आबांच्या सदऱ्याला डिझेलचा वास... गार भात तिनं त्यांना कधी वाढला नाही. आता दोघंही नाहीत. तो आवाज तरी खाडीत परत यावा. आणि हिनं तसाच भात टाकावा."

असं घर कुणाला नको असतं?

"छान," बाबा म्हणाले. त्यांनी चुलीवर टोप चढवला, पाणी ओतलं, जाळ केला. "सकाळपासून उपाशी असाल. जेवून जा."

पाणी उकळायला लागलं. बाबांनी मूठभर तांदूळ घेतले आणि मूठ टोपावर धरली.

"आवाज आला की सांग."

"कसला?"

"तुझ्या इंजिनाचा. म्हणजे टाकतो."

हे हसले. "बाबा, ती होडी पलीकडच्या बंदरात वर ओढून ठेवलीय."

"असू दे. थांबू."

...

पाणी खदखदत होतं. खाडीच्या तोंडाशी एक होडी दिसली. ह्यांनी मान वर केली.

"ही का?" बाबांनी विचारलं.

"नाही. ही दुसऱ्यांची."

"बरं."

होडी धक्क्याला लागली. माणसं उतरली, हसत घरी गेली. पाणी आटलं. बाबांनी दुसऱ्या हातानं एक तांब्या पाणी आणखी घातलं.

लेक कुरकुरायला लागली. ह्यांनी तिला उचललं, खांद्यावर घेतलं, पडवीत येरझारा घातल्या. प्रत्येक वळणाला नजर खाडीकडे.

"बाबा, टाका ना तांदूळ. पोर भुकेली आहे."

"आला का?"

"कसा येणार? तुम्हाला सांगितलं ना..."

"मग थांबू."

दुसरी होडी आली. हे बघायला उठले, आणि आपणच परत बसले. बाबांनी विचारलंसुद्धा नाही.

पाणी पुन्हा आटलं. पुन्हा एक तांब्या. चर्र झालं आणि टोप गप्प झाला.

हे चुलीपाशी उकिडवे बसले होते. लेक खांद्यावर रडून रडून झोपली होती. खूप वेळ ते त्या पाण्याकडे बघत राहिले.

"आई पण..." ते म्हणाले. "आई पण कधी कधी अशी मधेच पाणी घालायची. मला वाटायचं, आज पाहुणे आहेत, भात जास्त लागणार."

"मग?"

"मग आवाज यायच्या आधीच मला झोप लागायची. सकाळी उठलो की आबा घरात असायचे."

...

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. नारळाचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बाबांची मूठ अजून तशीच टोपावर होती, मिटलेली.

"हं. आता सांग, हरेश्वरा. आवाज कसा होता म्हणालास?"