चाराचा एक

"तारेला कात्री लावायची नाही. दुसरी तार जोडायची नाही. आणि हिचा बोटभर तुकडाही वापराबाहेर ठेवायचा नाही. तरी संध्याकाळच्या नौबतीपर्यंत काटा चारावरून एकावर आला पाहिजे. नाही आला, तर गोमाजी, तू बायकापोरांसकट संस्थानाबाहेर!"

एवढं बोलून सोनजाई संस्थानचे भुजंगराव महाराज वामकुक्षीला निघून गेले. हुक्केवाला गोमाजी हातातल्या हातभर तारेकडे बघत मटकन खाली बसला.

त्याचं असं झालं होतं. राजवैद्यांनी महाराजांची तंबाखू बंद केली, म्हणून परदेशातून विजेचा हुक्का भेट आला. त्यात तारेचं वेटोळं तापायचं आणि गुलाबपाण्याची वाफ नळीतून यायची. जुनं वेटोळं जळालं. राहिली ही एकच तार, आणि ती विजेला अडवायची फार. किती अडवते ते एका पितळी डबीतला काटा सांगे. तो चारावर जाऊन बसला होता. वाफ यायची ती म्हातारीने दुधावर फुंकर घालावी तेवढी! आणि आज संध्याकाळी शेजारच्या संस्थानचे राजे खास हा हुक्का बघायला येणार होते.

तार थोडी कापली की काम झालं असतं. पण तार पडली भेट आलेली, आणि भेटीला कात्री लावणं भुजंगरावांच्या घराण्यात बसत नव्हतं. शेतकऱ्यांच्या गायरानाला लावलेली चालत होती, तो भाग वेगळा.

इतक्यात गोमाजीची लेक येसू भाकरी घेऊन आली. मायलेकी घरी अंबाडीचे दोर वळायच्या, त्यामुळे पोरीच्या तळहाताला घट्टे पडलेले. बापाचा चेहरा बघून तिने भाकरी बाजूला ठेवली आणि सगळं विचारून घेतलं.

"आबा, ही तार निम्मी कापली असती तर काटा कुठे आला असता?"

"दोनावर. लांबी निम्मी, अडवणूक निम्मी."

"आणि तेवढाच दुसरा तुकडा शेजारी लावला असता तर?"

"मग विजेला दोन वाटा झाल्या. काटा आणखी निम्म्यावर. पण कापायचीच नाही ना, बाई!"

"कापतंय कोण?" येसू म्हणाली. "आम्ही दावं वळतो तेव्हा अंबाडी कापतो होय? मधोमध दुमडतो आणि पीळ देतो."

तिने तार दुमडली. दुमड पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि दोन्ही पदरांना सरसर पीळ भरला. मग ती जाड झालेली तार सुईवर गुंडाळून तिचं वेटोळं केलं. दुमडीकडचं टोक हुक्क्याच्या एका खुंटीला, मोकळी दोन्ही टोकं एकत्र करून दुसऱ्या खुंटीला.

दिवाण विसाजीपंत दारात उभे राहून हे बघत होते. या दिवाणांचा एक भाचा बऱ्याच दिवसांपासून हुक्केवाल्याच्या जागेवर डोळा ठेवून होता, त्यामुळे पंतांना आज गोमाजीची फार काळजी वाटत होती.

"अगं, जाड केलीस की तार!" पंत हसले. "जाड दावं बैलाला जास्त अडवतं की बारीक?"

"जाड, दिवाणजी. पण बैल दाव्याला बांधलेला असतो. वीज दाव्यातून चालते."

"आता काटा आठावर जाणार. सामान बांधायला घ्या!"

नौबत झडली. पाहुणे राजे गादीवर टेकले. महाराजांनी स्वतः डबी जोडली. काटा हलला, डुलला आणि एकावर येऊन थांबला. मग कळ दाबली, तसं वेटोळं लालभडक झालं आणि वाफेचा असा लोट उठला की पाहुण्यांच्या मिशा दिसेनाशा झाल्या.

"कापलीस?" महाराज गरजले.

"उलगडून मोजा, सरकार," बापाशेजारून येसू म्हणाली. "हातभर होती, हातभर आहे."

"मग चाराचा एक झाला कसा? कुणी जादू केली?"

येसूने बापाकडे पाहिलं. तो हात जोडून, मान खाली घालून उभा होता. बापाला असं उभं केलेलं बघून तिचं डोकं तापलं.

"सरकार, आपल्या कचेरीत चार कारकून आहेत. माझ्या आईचा अर्ज पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो. चौघेही अडवतात. चारांची अडवणूक म्हणतात ती हीच. त्यांच्या दोन रांगा करा. एकीत दोघे, दुसरीत दोघे. प्रत्येक अर्जाला दोघेच भेटतील, आणि एका वेळी दोन अर्ज चालतील. काम चौपट उरकेल. कुणाला काढलं नाही, कुणाला नवा नेमला नाही. तारेचं मी एवढंच केलं."

पाहुणे राजे खुसखुसले. भुजंगरावांच्या कपाळावर आठी चढली, पण ती फार टिकली नाही.

"आणि आमचे दिवाण? त्यांना कोणत्या रांगेत बसवायचं?"

"त्यांना डबीत बसवा, सरकार. काट्याला काही काम नसतं. कोण किती अडवतो तेवढं सांगायचं. आणि ते दिवाणजींइतकं कुणाला ठाऊक आहे?"

महाराज असे हसले की वाफ नाकातोंडात गेली आणि पाहुण्यांना त्यांची पाठ चोळावी लागली. डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं उतरवलं. गोमाजीची जागा तहहयात कायम केली, आणि उद्यापासून कचेरीत दोन रांगा लावायचा हुकूम तिथल्या तिथे दिला.

रिवाजाप्रमाणे कडं घेऊन येसूला द्यायला विसाजीपंत पुढे झाले.

"थांबा, पंत," महाराज म्हणाले. "मधे कुणी नको."

आणि गादीवरून उठून त्यांनी ते कडं स्वतःच्या हाताने येसूच्या घट्टे पडलेल्या तळहातावर ठेवलं.