रिबकाबाईंचं खाणं

रेवदंड्याच्या बेने इस्राएल ज्यूंच्या आळीत दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, दुपारी रिबकाबाई बायकांना धर्मग्रंथ मराठीतून समजावून सांगत. परदेशी शिकून पंडित होऊन आलेल्या हसकेल चेऊलकरांना ते खपलं नाही. वडीलधाऱ्यांनी धर्माचं सगळं त्यांच्यावर सोपवलं होतं. एका शब्बाथला ते वर्गात येऊन म्हणाले, "बाई, हे बंद करा. हिब्रूतला अर्थ मराठीला पेलत नाही."

रिबकाबाईंखेरीज हिब्रू येणारी बाई आळीत दुसरी नव्हती. वर्ग मोडला तर बाकीच्यांच्या कानी अर्थ कुठून पडणार?

"पेलत नाही म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं.

"आमचा आखल शब्द घ्या. माणूस जेवतो तेही आखल, आग घर भस्म करते तेही आखल. पोषण आणि नाश एकाच शब्दात! असा शब्द दाखवा, मग खुशाल वर्ग चालवा."

"खाणं," रिबकाबाई म्हणाल्या. "माणूस भाकरी खातो, गंज लोखंड खातो, वाळवी दार खाते."

"ठीक. पण आमच्या हिब्रूत तलवारसुद्धा माणसं खाते. तुमच्याकडे?"

"नाही खात. पण पंडितजी, तुमच्या आखलनं भाव खाता येतो का?"

सगळ्यांत आधी हसल्या त्या वर्गातच बसलेल्या पंडितांच्या आई. पंडितांचे कान लाल झाले.

"नाही येत," ते म्हणाले.

"मग तेवढ्यासाठी तरी मराठी राहू द्या."

पंडितांनी चपला घातल्या. वर्ग पुढे सुरू झाला.